एकही छाया राहता कामा नये

"बाई, एकही छाया राहता कामा नये," रणधीर म्हणाला.

मी आधी हसले. वर बघितलं. मला वाटलं, हा नव्या ऑफिसातल्या दिव्यांबद्दल बोलतोय. मग त्याने माझ्याच लिखाणाचा गठ्ठा माझ्यासमोर सरकवला आणि पहिल्या पानावरच्या 'नमस्कार, मी छाया' या ओळीवर बोट ठेवलं. तेव्हा कळलं की दिव्यांचा काही संबंध नाही.

छाया म्हणजे मी. छाया मगदूम. सांगलीतल्या शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झाले. आणि समोर बसलेला रणधीर सावर्डेकर हा माझा आठवी ब चा विद्यार्थी, आता दिगंत टूर्सचा मालक. सांगली, मिरज, जयसिंगपूरची माणसं युरोप दाखवायला नेतो. गाडी, बंगला, सगळं झालंय त्याचं. मला मात्र अजून बाईच म्हणतो.

"म्हणजे माझं नाव काढायचं?" मी विचारलं.

"काढायचं असं नाही ओ. बदलायचं. तिथे माझं टाकायचं."

"अरे, पण लिहिलंय मी."

"तुम्हीच लिहिलंय की! कोण नाही म्हणतंय? पण बाई, लोक पैसे भरतात ते रणधीरसोबत युरोप बघायला. कानात भलतीच बाई बोलायला लागली तर काय वाटेल त्यांना?"

भलतीच बाई! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

हे लिखाण म्हणजे काय, ते सांगते. त्याच्या दोन वर्षं आधी मी आणि माझी थोरली बहीण सुमतीअक्का याच रणधीरच्या टूरने युरोपला गेलो होतो. अ‍ॅमस्टरडॅमच्या म्युझियममध्ये त्याच्या गाईडने आम्हाला एका चित्रासमोर उभं केलं आणि म्हणाला, "हे दूधवालीचं चित्र. फार महाग आहे. दहा मिनिटं बघा, बाथरूम डावीकडे." आणि निघून गेला. बायका बिचाऱ्या बाथरूम शोधायला लागल्या. मला राहवेना. शाळेत वर्ग सुटल्यावरही फळ्यापाशी बोलत राहायची खोड होती माझी. मी अक्काला सांगायला लागले, उजेड कुठून येतोय बघ, तिच्या हातातल्या भांड्याची कड बघ, मागच्या भिंतीतला खिळा बघ. हळूहळू अकरा बायका जमल्या. कोणी बाथरूमला गेलं नाही. बस पाऊण तास थांबली. इस्लामपूरच्या कोरेवहिनी म्हणाल्या, "बाई, मी जन्मभर रोज दूध ओतलं, पण दूध ओतताना कधी स्वतःकडे बघितलं नव्हतं."

रणधीर त्या टूरवर होता. त्याने ते ऐकलं. परत आल्यावर पेढे घेऊन घरी आला. म्हणाला, "बाई, तुम्ही हे सगळं लिहून द्या. आपण फोनवरचं ॲप काढू. लोकांनी चित्रासमोर उभं राहायचं, बटण दाबायचं, की तुम्ही बोलायला लागणार. चौसष्ट थांबे. नाव तुमचं. छायाबाईंचा युरोप!"

मी आठ महिने लिहिलं. पुस्तकं मागवली, चित्रं कॉम्प्युटरवर मोठी करून करून बघितली, डोळ्यांचा नंबर वाढला. प्रत्येक थांब्याला 'नमस्कार, मी छाया' असं म्हणून सुरुवात केली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चित्रांखाली 'छान', 'सुधारणा हवी' असं लिहून सही केली होती. माझं स्वतःचं म्हणावं असं हे पहिलंच.

आणि आता तो म्हणत होता, एकही छाया राहता कामा नये.

"आवाज पण माझाच असणार," तो सांगत होता. "आता नवीन सॉफ्टवेअर आलंय बाई. मी वीस मिनिटं काहीतरी वाचून दाखवलं, झालं. आता त्याला काहीही लिहून द्या, हुबेहूब माझ्या आवाजात बोलतं. मला बसून वाचायची सुद्धा गरज नाही."

"तू वाचलंस का हे? मी लिहिलेलं?"

"वेळ कुठे असतो ओ? तुमच्यावर विश्वास आहे माझा." त्याने घड्याळ बघितलं. "शामराव आहेत बाहेर. त्यांच्याकडून करून घ्या. ते 'आले, गेले' चं 'आलो, गेलो' पण करा. पुरुषाचा आवाज आहे ना. तुमच्याइतकं मराठी इथे कोणाला येतंय?"

म्हणजे माझं नाव पुसायचं आणि तेही मीच. वर शाबासकी.

मला त्याची आठवी आठवली. जिल्ह्याची चित्रकला स्पर्धा होती. याने शेजारच्या बाकावरच्या मुलाचं चित्र घेतलं, खालची सही खोडली आणि स्वतःची केली. माझ्या लक्षात आलं होतं. रंग लावायची पद्धत काय लपते होय? मी त्याला बाजूला घेऊन विचारलं तर भोकाड पसरलं, वडील मारतील म्हणाला. मी कोणाला सांगितलं नाही. त्या चित्राला दुसरा नंबर मिळाला. ज्याचं चित्र होतं तो मुलगा पुढे माझ्या तासाला नुसता बसून असायचा, पेन्सिल हातात धरायचा नाही. त्याची माफी मी कधी मागितली नाही. ते मनात होतंच, त्या दिवशी वर आलं.

"करते," मी म्हटलं आणि गठ्ठा उचलला.

शामराव कुंभोजकर म्हणजे सांगलीत तीस वर्षं लग्नपत्रिका छापलेला माणूस. छापखान्यात हाताने खिळे जुळवण्यापासून सुरू करून आता ॲपपर्यंत आलेले. पत्रिकेत 'चि. सौ. कां.' मधलं एक टिंब चुकलं तरी त्यांना झोप येत नाही. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली.

"काय करायचं बाई?"

"आधी क्रियापदं. ती मी बघते."

ते काम मी प्रामाणिकपणे केलं. एकेक वाक्य वाचून 'मी आले' चं 'मी आलो' केलं, 'मला वाटलं, मी थबकले' चं 'थबकलो' केलं. एक्केचाळीस ठिकाणं निघाली. व्याकरणाची चूक माझ्या हातून होत नाही आणि मला होऊ द्यायचीही नव्हती.

"आता नाव," मी म्हटलं. "छाया काढायचं, रणधीर घालायचं."

शामरावांनी पडद्यावर दोन चौकटी उघडल्या. एकीत टाईप केलं 'छाया', दुसरीत 'रणधीर'. मग त्यांचा हात थांबला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"एकेक बघत जायचं, की एकदम सगळं?"

"साहेबांनी काय सांगितलंय?"

"मला काय सांगितलं नाही."

"मला सांगितलंय. एकही छाया राहता कामा नये."

शामराव माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मी पडद्याकडे बघत होते.

"एकदम," मी म्हटलं.

त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर आलं, चारशे बारा ठिकाणी बदल केला.

"बाई," शामराव हळूच म्हणाले, "थांबे चौसष्ट. तुमचं नाव फार तर सत्तर वेळा असेल."

"असेल."

"मग हे बाकीचे—"

"शामराव, चहा सांगता का?"

त्यांनी चहा सांगितला. दोघांनी प्यायला. कप ठेवताना ते एवढंच म्हणाले, "पत्रिका असती तर मी छापली नसती हं." आणि फाईल पुढे पाठवून दिली.

त्या आठवड्यात रणधीरने पहिल्या थांब्याची सुरुवात ऐकली. 'नमस्कार, मी रणधीर. युरोपात तुमचं स्वागत आहे.' खूश झाला. मला फोन करून म्हणाला, "बाई, अगदी मीच बोलतोय असं वाटतंय!"

"तूच आहेस रे," मी म्हटलं. "सगळीकडे तूच आहेस."

खोटं कशाला बोलू, उद्घाटनापर्यंतच्या तीन आठवड्यांत मला शांत झोप लागली. अक्काला मात्र मी सगळं सांगितलं होतं आणि तिची झोप उडाली होती. "सांगून टाक गं त्याला. पोर आहे," असं रोज म्हणायची. पोर! त्रेचाळीस वर्षांचं पोर.

उद्घाटन रविवारी सकाळी अकराला होतं, नाट्यगृहात. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला गट निघणार होता, बेचाळीस माणसं, सगळ्यांच्या फोनमध्ये हे ॲप. हॉल भरला होता. आधी टूर केलेली मंडळी, निवृत्त शिक्षक, डॉक्टर, पेढीवाले. मी आणि अक्का सातव्या रांगेत बसलो. आमच्यापुढे दोन रांगा सोडून आप्पा देशिंगकर होते, चाळीस वर्षं मराठी शिकवलेले, वय ऐंशीच्या पुढे, कानात मशीन. त्यांना बघून मला जरा वाईट वाटलं, म्हातारा माणूस, उगाच त्रास होईल. पण तेवढंच.

रणधीर बंद गळ्याचा कोट घालून उभा राहिला. छान बोलतो, ते नाकारत नाही. म्हणाला, "यातला शब्द न् शब्द माझ्या अनुभवातून आलाय. आठ महिने मी या चित्रांसोबत जगलोय."

अक्काने माझा हात घट्ट धरला. दोन मिनिटांपूर्वीपर्यंत तिला त्याची दया येत होती. आता ती म्हणाली, "मेल्या!"

मागच्या पडद्यावर दूध ओतणारी बाई आली. दिवे मंद झाले. रणधीरने फोनवर बटण दाबलं आणि हॉलभर त्याचाच आवाज घुमला.

"नमस्कार, मी रणधीर. मी इथे पहिल्यांदा आलो तेव्हा आमची बस पाऊण तास थांबली होती. समोर दूध ओतणारी बाई आहे. घाई करू नका, तीही करत नाहीये. डावीकडच्या खिडकीतून उजेड येतोय. तो आधी तिच्या कपाळावर पडतो. आता गालाखाली बघा. तिथे हलकीशी रणधीर पडली आहे."

कोणीतरी खोकलं. रणधीर तसाच हसरा उभा होता.

"दंडाच्या आतल्या बाजूला हीच रणधीर गडद होते. मागच्या भिंतीत एक खिळा आहे. त्या खिळ्याचीसुद्धा इवलीशी रणधीर आहे. रणधीर नसती तर ही बाई कागदासारखी सपाट दिसली असती."

मागच्या रांगेतून पहिलं हसू फुटलं, ते पटकन दाबलं गेलं. रणधीरच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तिथेच होतं, पण डोळे शामरावांना शोधायला लागले. शामराव विंगेत वायर गुंडाळत होते.

"या देशातल्या चित्रकारांना वेड होतं ते रणधीरप्रकाशाचं—"

"छायाप्रकाश!" आप्पा देशिंगकर ताडकन उभे राहिले. त्यांना वाटलं, वक्त्याची जीभ घसरली. चाळीस वर्षांची सवय, चूक ऐकली की दुरुस्त करायची. "छायाप्रकाश म्हणायचं! छाया!"

"आप्पा, बसा," कोणीतरी त्यांचा कोट ओढला.

"बसतो काय? चुकतंय ते!"

फोन बोलतच होता. त्याला काय, दिलंय ते वाचायचं. "पेन्सिलने असं रणधीरंकन करायला वर्षं लागतात. टेबलावर भांड्याची लांब रणधीर—"

"छाया!" आप्पा ओरडले. यावेळी त्यांच्यासोबत आणखी पाचसहा जण ओरडले. मास्तर लोकच ते.

"—पडली आहे. आणि खिडकीखालच्या भिंतीवर तर मोठी रणधीर—"

"छाया!" आता अर्धा हॉल. लोकांना मजा वाटायला लागली. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि पदराआडून ओरडत होत्या. रणधीर फोनवर बोटं मारत होता. घाईत बंद करायच्या ऐवजी त्याने पुढच्या थांब्यावर नेलं.

"नमस्कार, मी रणधीर—"

"छाया!" सगळा हॉल एका सुरात.

हे कोणी ठरवून केलं नव्हतं. मी तर नव्हतंच. माझा बेत एवढाच होता की त्याचं हसं व्हावं, चार लोकांत तोंडात मारल्यासारखं व्हावं त्याला. पण 'मी रणधीर' म्हटल्यावर दोन-अडीचशे माणसं 'छाया' म्हणाली. आठ महिने एकटीने बसून लिहिलं, तेव्हाही माझं नाव इतक्या मोठ्याने कधी कोणी घेतलं नव्हतं.

चौथ्या रांगेतून कोरेवहिनी मागे वळल्या. त्यांच्या डोक्यात काहीतरी जुळत होतं. "अगं बाई," त्या शेजारणीला म्हणाल्या, पण आवाज असा की सगळ्यांना ऐकू जावा, "हे तर आपल्या मगदूमबाईंचं! खिळ्याचं त्यांनीच सांगितलं होतं आपल्याला, तिथे उभं करून! अहो, त्या बघा, छायाबाई इथेच बसल्यात की!"

सगळ्या माना वळल्या. मी उभी राहिले नाही. अक्काच उभी राहिली, माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हीच ती!" आणि रडायला लागली.

पुढचं मेकअपच्या खोलीत झालं. रणधीरचा कोट घामाने चिकटला होता. शामराव लॅपटॉप उघडून बसले होते.

"बाई, हे काय केलंत तुम्ही?"

"तू सांगितलंस तेच. एकही छाया ठेवली नाही."

"तुम्हाला कळत नव्हतं काय होणार ते?"

"कळत होतं," मी म्हटलं. "एकदा वाचलं असतंस तर तुलाही कळलं असतं."

तो शामरावांकडे वळला. "उद्या सकाळी गट निघतोय. आत्ता दुरुस्त करा. माझं नाव राहू दे, आणि ती जी चित्रातली छाया आहे, तेवढी परत घाला."

"चारशे बारा जागा आहेत साहेब," शामराव म्हणाले. "यंत्राला त्यातला माणूस कुठला आणि सावली कुठली ते कळत नाही. वाचून एकेक करायला दोन दिवस लागतील. आणि वाचणारं माणूस लागेल. माझ्याच्याने नाही व्हायचं. बाईंनी मनावर घेतलं तर होईल."

"बाई करणार नाहीत," मी म्हटलं.

"मग दुसरा उपाय?"

"एकच आहे," शामराव म्हणाले. त्यांनी चौकटी उघडून ठेवल्याच होत्या. पहिलीत 'रणधीर', दुसरीत 'छाया'. "एकदम सगळं. एका बटणात होतंय. संध्याकाळपर्यंत आवाज तयार होईल."

रणधीर दोन्ही चौकटी वाचायला पुढे वाकला. मग खुर्चीत बसला.

"बाई, माझा आवाज आहे त्याला. माझ्या आवाजात 'मी छाया'?"

"आवाज बदल मग."

"आजच्या आज कसा बदलू? लोक काय म्हणतील?"

"आठवीत ज्याचं चित्र घेतलंस, त्या मुलाचं नाव आठवतं का तुला?" मी विचारलं.

त्याला नाव आठवलं नाही. चित्र मात्र आठवलं असावं, कारण त्याने मान खाली घातली.

"मोहिरे," मी म्हटलं. "अजित मोहिरे. दाब ते बटण. शामराव, तुम्ही नाही. त्याला दाबू दे."

रणधीरने स्वतःच्या बोटाने बटण दाबलं. चारशे बारा ठिकाणी बदल केला. शामराव म्हणाले, "आता कसं शुद्ध झालं." मग त्यांनी मला हळूच विचारलं, "बाई, त्या क्रियापदांचं? ती एक्केचाळीस?"

"ती मी हाताने केली होती. हातानेच काढावी लागतील. मी आता घरी चालले."

तेव्हापासून तसंच आहे. सांगलीची माणसं हॉलंडमधल्या त्या चित्रासमोर उभी राहतात, बटण दाबतात आणि त्यांच्या कानात रणधीर सावर्डेकर खणखणीत आवाजात सांगतो, 'नमस्कार, मी छाया. मी इथे पहिल्यांदा आलो तेव्हा...' लोकांना ते इतकं आवडलं की त्याला ते काढता येईना. टूर करून आलेले लोक माझ्याकडे चॉकलेटं घेऊन येतात आणि हसून हसून सांगतात. सांगलीत त्याला मागून छायाशेठ म्हणतात. समोरूनही म्हणतात, आता त्याला सवय झालीय.

गेल्या वर्षी कोरेवहिनींच्या नातीच्या लग्नात तो भेटला. वाकून नमस्कार केला. म्हणाला, "बाई, नाव राहू दे तुमचंच. पहिल्या पानावर मोठं छापतो. पण ते 'आलो, गेलो' तेवढं 'आले, गेले' करून द्या की. लोक हसतात मला."

"एक्केचाळीस ठिकाणं आहेत," मी म्हटलं. "सगळं वाचून, शोधून, वहीत लिहून आण. मी तपासून देते."

अजून आणलेली नाही त्याने वही.